रिकामा आलेला डबा

मुक्ताबेन : किती वेळ फ्रिज उघडा ठेवशील? गार हवा सगळी बाहेर चाललीय.

बीजल : जाऊ दे. आत जपून ठेवण्यासारखं आहे काय, बा? वाटीभर खिचडी. सकाळीही खिचडीच होती.

मुक्ताबेन : काचेच्या वाटीत आहे ना? तुझ्या म्हणण्याप्रमाणे. पाण्याला तांब्याची कळशी काढली, प्लास्टिकच्या बाटल्या फेकल्या, चमचेसुद्धा लाकडाचे केले. लेकीचं ऐकलं म्हणून शाबासकी तरी दे.

बीजल : शाबास. पण वाळलीस किती! दिवाळीआधी आले होते तेव्हा या फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नव्हती. जसुमासीचा हांडवो, जसुमासीची मुठिया, जसुमासीचा छुंदो...

मुक्ताबेन : आता नाही येत.

बीजल : काय नाही येत?

मुक्ताबेन : हांडवो. आणि जसुही. चहा टाकू?

बीजल : चहा राहू दे. जसुमासी येत नाही? बा, तुमच्या दोन दारांमध्ये चटईभर जागा आहे!

मुक्ताबेन : तेवढीच आहे. दिवाळीपासून तिने ती ओलांडली नाही. तिची कडी वाजली की मी उठते, पदर सारखा करते, दारापर्यंत जाते. ती दूध घेते आणि दार लावते. मग मी येऊन टीव्ही लावते. काय लागलंय ते बघतही नाही. घरात कुणीतरी बोलतंय एवढंच.

बीजल : भांडलात की काय?

मुक्ताबेन : भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडताना माणूस बोलतं तरी.

बीजल : मग?

मुक्ताबेन : तू भंगारवाल्याला बोलावून कपाट रिकामं केलंस ना, त्यात तिचेही डबे गेले. तो निळ्या झाकणाचा, तो श्रीखंडाचा...

बीजल : मला काय माहीत त्यातले कुणाचे कुठले! आणि बदल्यात स्टीलचे आणून दिले की मी. चांगले, घट्ट झाकणाचे.

मुक्ताबेन : त्यातलाच एक भरून तिला दिला. दाळढोकळी केली होती. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. घासून, पुसून, कोरडा ठणठणीत. रिकामा.

बीजल : रिकामा?

मुक्ताबेन : अगदी रिकामा. तिचे यजमान वेलजीभाई गेले त्या महिन्यातही त्या घरातून रिकामा डबा आला नव्हता. तेव्हासुद्धा तळाला चिमूटभर साखर घालून पाठवला होता तिने.

बीजल : देताना तू काही बोललीस का? आठवून सांग.

मुक्ताबेन : मी काय बोलणार? तुझंच सांगितलं. म्हटलं, जसु, आता गरम काही प्लास्टिकमध्ये भरू नकोस, त्यात विष उतरतं. आपण मूर्ख, जन्मभर घरच्यांना विष वाढत बसलो.

बीजल : बा! विष कधी म्हटलं मी? गरम, तेलकट त्यात ठेवू नकोस, चरे पडलेले जुने डबे काढून टाक, एवढंच तर म्हटलं होतं.

मुक्ताबेन : म्हणताना तुझा चेहरा बघितला होतास? मला तर विषच वाटलं. घाबरले मी.

बीजल : मी समोर जाऊन येते.

मुक्ताबेन : नको गं. आत्ता निदान मनाशी म्हणता येतं, रागावलीय, निवळेल कधीतरी. तुझ्या तोंडावर दार लावलं, तर मग मी काय म्हणू?

(बीजल जाऊन समोरच्या घराची कडी वाजवते.)

जसुबेन : कोण? बीजल? ये... नको, दारातच थांब. पसारा आहे.

बीजल : तुमच्या घरात आणि पसारा? मासी, तुमचे डबे मी भंगारात दिले. बाचा दोष नाही. काय रागवायचं ते मला रागवा.

जसुबेन : डब्यांना घाल चुलीत!

बीजल : चुलीत नको, मासी. तो धूर त्याहून वाईट.

जसुबेन : सुटलं नाही ना तुझं ते वेड अजून? तुझ्या बाने कसं सोसलं तुला!

बीजल : ती तुम्हालाही सोसायला तयार आहे. का येत नाही तिच्याकडे?

जसुबेन : तू शिकलेली आहेस. एक विचारू? खरं सांगशील?

बीजल : विचारा.

जसुबेन : तुझ्या काकांना मी दुकानावर डबा पाठवायची. त्यांना सगळं कढत लागायचं. चुलीवरची दाळ तशीच ओतायची मी, डबा हाताला मऊ लागायचा. आतून पिवळाजर्द झाला होता. घरात स्टीलचा होता गं. जड पडतो म्हणून मीच बदलला. पुढे त्यांना पोटाचं दुखणं लागलं, ते कसलं होतं तुला माहीत आहे. तुझी बा म्हणाली, घरच्यांना विष वाढलं. ती स्वतःबद्दल बोलत होती, कळतं मला. पण तिचा डबा परत करताना त्यात काय घालू तेच सुचेना. माझ्या हातचं कुणाला द्यायला हात धजेना. सांग ना, मीच का?

बीजल : नाही, मासी. एका माणसाचं दुखणं एका डब्यामुळे आलं, असं कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरसुद्धा नाही.

जसुबेन : समजूत घालतेस म्हातारीची.

बीजल : नाही. मी हेच विचारून आलेय.

जसुबेन : कुणासाठी?

बीजल : माझ्यासाठी. दोनदा दिवस राहिले, मासी. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. डॉक्टरीणबाईंना कारण सापडेना. मी म्हटलं, ऑफिसात रोज प्लास्टिकच्या डब्यात जेवण गरम करायचे, त्यानं झालं का? त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही, टाळता येईल ते टाळ, पण स्वतःला दोष देऊ नकोस. घरी आले आणि एकेक डबा काढून फेकला. माझ्याकडचे संपले, तेव्हा इथे येऊन बाचं कपाट रिकामं केलं. माझ्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं.

जसुबेन : मुक्ताबेनला ठाऊक आहे?

बीजल : नाही. ती एकटी राहते. फोनवर कळवलं असतं, तर ती कुणाजवळ जाऊन रडली असती?

जसुबेन : माझ्याजवळ.

बीजल : तुमच्याजवळ?

जसुबेन : माझ्याजवळ रडली असती. आणि मी इथे दार लावून बसले.

बीजल : चला ना, मासी. ती दारामागेच उभी असेल.

जसुबेन : सांगणार आहेस तिला? आज?

बीजल : तुम्ही शेजारी बसलात तर.

जसुबेन : मग हात धर माझा. घट्ट धर. विचारलंच तिने हात का धरलाय, तर सांगू, जसुचे गुडघे धरलेत.