राळीतली चर

(जवळा बाजारजवळच्या गावातलं अंगण. म्हातारे मसाजी खाटेवर, मांडीवर सारंगी, हातात तिचा गज आणि गजाच्या केसांना घासायची राळ. नात राधिका समोर दाराजवळ.)

मसाजी : ही माझी राळ न्हाई.

राधिका : तुमचीच हाये, आबा. बोकडानं कोनाड्यातून पाडली, तुकडे झाले. मी डबीत घालून मंद जाळावर वितळवली, फडक्यातून गाळली. बघा तरी, मधावानी दिसून राहिली.

मसाजी : तुला कोणी सांगितलं होतं गं?

राधिका : कोणी कशाला सांगाया पायजे? अर्धा कचराच होता तिच्यात. रातच्याला जवळ्याच्या भजनात सारंगी खरखरली असती, मंग लोक म्हणले असते, मसाजीबुवा संपले.

मसाजी : चकचकीत राळ गजाच्या केसाला धरत न्हाई. घसरते.

राधिका : माहिताय. कानशीनं खरबरीत केली वरून. लावा तर.

मसाजी : लावतो ना.

राधिका : आबा, डबीच्या काठावर घासून राहिले तुमी.

मसाजी : तुझ्या बडबडीनं चुकलं. गप बस.

राधिका : अन् आता खाटंला राळ लावून राहिले का?

मसाजी : म्हणून तर म्हणलं, माझी न्हाई ही! तिच्यात चर होती. गज ठेवला की आपसूक बसायचा.

राधिका : चर? एकाच जागी घासलं की मला गजानंच हाणायचे तुमी. राळ फिरवत राहाय, चर पडली की काठचे केस कोरडे राहातात. मंग तुमच्याच राळीला चर काहून?

मसाजी : पडली असंल.

राधिका : आबा.

मसाजी : काय?

राधिका : दाराकडं बघून काय बोलून राहिले? मी तिथं न्हाई. हिकडं येऊन बसले कवाची.

मसाजी : (आवाजाकडं मान वळवतो.)

राधिका : कधीपासून दिसत न्हाई तुमाला?

मसाजी : हळू बोल. तुझा बाप गोठ्यात हाये.

राधिका : सांगतेच त्यायला! एकटे विहिरीवर जाता, लाज न्हाई वाटत?

मसाजी : सांग. मंग चढू देईल तो मला एष्टीत? सारंगी खुंटीला अन् मी खाटंवर. राधे, बोटं अजून बराबर चालतात गं माझी.

राधिका : रडू नका.

मसाजी : कोण रडून राहिलं? राळीची भुकटी गेली डोळ्यात.

राधिका : एक कण निघाला न्हाई अजून तिच्यातून.

मसाजी : सळई तापव अन् चर पाडून दे. पाया पडतो तुझ्या.

राधिका : उगं पायाबियाचं बोलू नका. एवढी चांगली राळ नासवू का मी? मी धरते, मी फिरवते. तुमी गज वढा.

मसाजी : अन् जवळ्याला कोण धरंल?

राधिका : मीच. मला कुठं उद्या शाळंत जायचंय?

मसाजी : बाप हाणंल तुला.

राधिका : हाणू द्या. पर भजन झालं की त्यायला सांगायचं. डोळ्याच्या दवाखान्याचं बी. तुमी सांगता का मी सांगू?

मसाजी : तू सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं.

राधिका : मंग वढा.

मसाजी : गजाच्या केसाला हात लावू नको. डोक्याला तेल चोपडलंय तू, वास येऊन राहिला.

राधिका : न्हाई लावत. हां, असंच. अजून एकदा.

मसाजी : राधे...

राधिका : काय?

मसाजी : गजावर राळीचं पांढरं चढलं का? बघून सांग.