गुड्डीची तपासणी

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईनं आमच्या दोन वर्षांच्या गुड्डीले नापासच करत आणलं होतं. बाई मूळच्या पुण्याच्या, अन् हातात प्रश्नांचा छापील कागद.

"जिना चढते का?"

मी म्हटलं, "वलगावात आमच्या घराले जिनाच नाही."

"चमच्यानं खाते?"

"हातानं खाते. सांडत नाही."

दोन्ही ठिकाणी फुल्या पडल्या. पोरगी मागं पडली का काय म्हणून बायकोचं तोंड उतरलं.

मग बाईनं गुड्डीपुढे लाकडी ठोकळ्यांचा डबा ओतला. "बाळा, एकावर एक ठेव बरं."

गुड्डीनं एकेक ठोकळा उचलला, फिरवून पाहिला अन् बाजूले ठेवत गेली. एकावर एक काही रचला नाही. बाईनं तिसऱ्या फुलीसाठी पेन उचललं. "ही करतेय तरी काय?"

"माल निवडून राहिली," माझी माय म्हणाली. "रोज माझ्यापाशी बसून टमाटे निवडते."

बाईनं वाकून पाहिलं. एकीकडे चांगले ठोकळे होते, दुसरीकडे कोपरे उडालेले तीन. ते तिन्ही गुड्डीनं उचलून बाईच्या मांडीवर ठेवले.

माय म्हणाली, "बदलून द्या म्हणते."