ओल्या दाराला रंधा

माजं नाव म्हादू सुतार. आमी मूळचं हितलं न्हवं. माजा बाप म्हसवडचा, सातारा जिल्ह्यातल्या माणातला, सिद्धनाथाच्या देवळामागं आमचं दोन खणाचं घर हुतं. तिकडं पाऊस म्हंजे पावना, आला तर आला. तिकडं दारं उन्हानं तडकायची, बाप सकाळपास्नं लोकांच्या दाराच्या फटी बुजवत बसायचा. मग कुणीतरी त्येला सांगितलं का सांगलीकडं कृष्णाकाठाला जा, ऊसवाली लोकं घरं बांधत्यात, सुतार मिळत न्हाई. तर बाप हत्याराची पेटी डोक्यावर घिऊन निगाला, आन मी आईच्या कडंवर. काय सांगू तुमाला, दुष्काळातला माणूस उठून पुरात आला. बाप जाईस्तवर आई त्येला टोमणं मारायची, का तितं प्यायला न्हवतं आन हितं बुडायला हाय.

जागा मातूर बापानं शानपणानं घेतली. गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. त्या येळंला लोकं हसली, का सुताराला पाण्यापास्नं लांब ऱ्हायची हौस. आता कोण हसत न्हाई.

हितं आल्यावर बापानं पयला पूर बगितला. पाणी वसरलं तसं लोकं वरडत आली, आरं दार लागत न्हाई, दार तासून दे. बापानं तासलं न्हाई. त्येचं म्हणणं, लाकूड पाणी पितं आन आपल्या मनानं सोडतं, आपुन मदी हात घालायचा न्हाई. पुरातनं निगाल्यालं दार बिजागरीतनं काढायचं, सावलीला उभं करायचं, खाली दोन इटा, आठ दिसांनी वरचं टोक खाली. उनात ठिवलं का वाकडं हुतं. वाळलं का न्हाई ते बोटाच्या पेरानं ठोकून बगायचं. वल्या दाराचा आवाज बसक्या गळ्यागत येतो, वाळल्यालं खणकन वाजतं. तवर रंधा पेटीत. रंधा कळला न्हवं तुमाला, ज्येनं लाकूड तासून सपाट करत्यात त्यो. दोन म्हैनं लागत्यात, कवा तीन बी. लोकं शिव्या द्यायची, बाप ऐकून घ्यायचा आन दाराच्या जागी पत्रा ठोकून द्यायचा. लय चेंगट माणूस.

मग बाप गेला, पेटी माज्याकडं आली, आन त्यो मोठा पूर आला. आमच्या टेकाडाला पाणी टेकलं न्हाई, पर वाट बुडंल म्हणून समद्या गल्लीसंगं आमी बी वरच्या गावच्या शाळंत हुतो. परत आलो तवा खालच्या घराघरात गुडघाभर गाळ, आन वास तर आसा का दोन दिस भाकरी तोंडाजवळ न्हेता येत न्हवती. प्लायवूडची दारं भिजल्याल्या पापडागत पदर सुटून पडल्याली. खिडक्यांच्या झडपा कुटं उसाच्या फडात जाऊन आडकल्याल्या. जी दारं जाग्याव हुती ती फुगून बसल्याली, काय उघडंनात, काय लागंनात. मी आन माजी बायको सुशीला, दोघं घरोघर जायचो. ती फळी धरायची, मी खिळं मारायचो. हितं पत्रा, तितं दोरी, कुटं चौकटीला आडवा वासा. घर बंद झालं म्हंजे बाईमाणसाला नीज येती, एवढंच काम हुतं बगा ते.

आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला पद्माक्का. जैन, नवरा जाऊन लय वर्सं झाली, शेत वाट्यानं दिल्यालं. लेक अनिल बंगळूरला. रोज सकाळी बस्तीत जायचं, म्हंजे त्येंच्या देवळात, येता येता चार घरी थांबायचं, कुणाची सून बाळंत झाली, कुणाची म्हस आटली समदं आक्काला म्हाईत. येकदा लेकानं न्हेल्ती तिकडं, चार म्हैन्यात परत आली. म्हणाली, म्हादू, बाराव्या मजल्याव ऱ्हातोय रं त्यो, लिफ्टात येकटीला भ्या वाटतंय, आन सून कामावर गेली का मी भिताडासंगं बोलायचं का काय.

पूर वसरल्यावर अनिलचा फोन आला. त्येचं बी चुकत न्हवतं, ते आधीच सांगतो. म्हणाला, आई, दार लागत न्हाई आसल्या घरात तुला येकटीला ठिवायची मला छाती न्हाई, मी रव्वारी येतोय, दार नीट आसलं तर ऱ्हा, नसलं तर सामान बांध. आक्का तशीच फोन हातात धरून माज्याकडं आली. म्हणाली, म्हादू, रव्वारच्या आत माजं दार लागाय पायजे.

मी जाऊन बगितलं. जुनं सागवान, येकच पल्ला, माज्या बापानं केल्यालं. दोन बोटं चौकटीच्या भाईर. मी म्हणालो, आक्का, खिडक्यास्नी पत्रा मारतो, दाराला आडसर देतो, पर रंधा आता न्हाई. तर आक्का उंबऱ्यात बसली आन पदर तोंडाला लावून रडाय लागली. आवं, माज्या बापाच्या मयताला जी बाई रडली न्हाई, उलट आईला सांबाळत बसली, ती रडाय लागली. मी रंधा काढला.

सुशीला म्हणाली, मामंजी काय म्हणायचं? मी म्हणालो, तू दार धर.

वल्या लाकडाला रंध्याखाली पातळ साल सुटत न्हाई. लगदा येतो, रंध्याच्या तोंडात चिकटतो, दर दोन हातांनी काडीनं कोरून काढाय लागतो. हाताला कळत हुतं का हे चुकतंय. पर मारत गेलो. सांजच्याला दार आसं लागलं, येका बोटानं. आक्कानं कडी कोयंड्यात घालून बगितली, काढून बगितली, परत घातली. रव्वारी अनिल आला, त्येनं बी तीनदा लावून बगितलं, म्हणाला, म्हादूकाका, हात सोन्याचा हाय तुमचा. आन आईला ठिवून गेला.

हितंच मला चडली बगा. समदी गल्ली माज्याकडं, आक्काचं केलंस मग आमचं का न्हाई. आन मी बी, बापानं ज्याच्यासाठी जलमभर शिव्या खाल्ल्या त्येच कराय लागलो, कारण आता शिव्या न्हवत्या, चा हुता आन कवतिक हुतं. गल्लीतली समदी दारं तासली. लोकं म्हणायची, बापापरास लेक शाणा.

थंडी पडली तशी दारं आकसाय लागली. संक्रांतीच्या आदी पयली तक्रार. म्हादू, फटीतनं मांजर आत डोकावतंय. मग दुसरी, मग तिसरी. कडी कोयंड्यापतुर पोचंना. म्या घेतल्या लाकडाच्या पट्ट्या आन फिरलो घरोघर, कडंला पट्ट्या चिकटवत. गल्लीनं माजं नाव पाडलं पट्टीवाला. पाडू देत. चूक माजी हुती.

पर आक्काकडनं काय सांगावा न्हाई. मला वाटलं, जुनं सागवान, त्येला काय झालं नसंल. संक्रांतीला तिळगूळ द्याया मी आन सुशीला गेलो तर दार लोटल्यालं, आन आत दाराला टेकवून पाटा, वाटणाचा दगडी पाटा. आक्काच्या पायाचं आंगठ्याचं नख काळंनिळं. रोज सांज झाली का ती म्हातारी त्यो पाटा चुलीपास्नं दारापतुर सरकवत न्हेत हुती, सकाळी परत जाग्याव. येकदा पायावर आल्ता. दाराच्या फटीत जुन्या लुगड्याची चिंधी खुपसल्याली, रस्त्यावरनं दिसू न्हाई म्हणून.

मी म्हणालो, आक्का, मला सांगायचं तरी. तर म्हणाली, तुला सांगितलं आसतं तर तू पेटी घिऊन आला आसतास, गल्लीनं बगितलं आसतं, कुणीतरी अनिलला फोन केला आसता. मग मला न्हेलंच आसतं त्येनं. आन तुला बी बोल लागला आसता. मी तितंच पाट्यावर बसलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. बाप शिव्या खात हुता ते ह्याच्यासाठी, हे मला तवा कळलं. दुपारची येळ साधून, रस्त्याव माणूस नसताना, आक्काच्या दाराला सागवानी पट्टी जोडली.

दोन वर्सं गेली आन परत पूर. येवढा मोठा न्हवता, पर आक्काच्या घरात कमरंयेवढं पाणी हुतंच. दार परत फुगलं, आता तर पट्टीसकट, उघडं हाय तसंच आडाकलं. आक्का आली. म्हादू, रंधा मार. अनिल येतोय.

मी म्हणालो, न्हाई.

आक्का लय चिडली. म्हणाली, तुज्या बापानं केल्यालं दार हाय, त्यो आसता तर माजं ऐकला आसता. मी म्हणालो, आक्का, त्यो आसता तर पयल्यांदाच न्हाई म्हणाला आसता. ती पाठ फिरवून गेली, तीन दिस माज्याशी बोलली न्हाई. रस्त्यानं जाताना माज्या घराकडं बगायची बी न्हाई.

मग मीच अनिलला फोन लावला. समदं सांगितलं. वल्या दाराला रंधा मारला ते, फट पडली ते, पाटा, नख, चिंधी. म्हणालो, तुला दावाया दार लागलं हुतं, तुज्या आईला ऱ्हायाला लागलं न्हवतं, आन ती चूक माजी. आता दार दोन-तीन म्हैनं वाळणार, तवर आक्का आमच्या घरी ऱ्हाईल, टेकाडावर पाणी येत न्हाई.   अनिल म्हणाला, काका, आई ऱ्हाईल का तुमच्यात? चातुर्मास चालू हाय.

ते खरंच हुतं. चातुर्मासात आक्काला कांदा चालत न्हाई, लसूण चालत न्हाई, बटाटा न्हाई, दिस मावळल्यावर जेवान न्हाई, पाणी बी फडक्यानं गाळल्यालं. आन आमच्यात रव्वारी मटन. मी सुशीलाला इचाराय तोंड उघडलं तर ती म्हणाली, मी गेल्तीच आक्काकडं, बोचकं बांधायला लावून आलीया. दोन म्हैनं कांदा न्हाई खाल्ला तर कोण मरतंय का?

आक्का आली, तोंड फुगवूनच आली, सोबत आपली कळशी आन गाळायचं फडकं. आन मी हातगाड्यावर तिचं दार आणलं. कसं काढलं इचारू नका, दोन लोखंडी पहारी लागल्या. ते माज्या शेडमदी सावलीला उभं केलं, खाली दोन इटा. आक्का तितंच पोत्यावर बसून तांदूळ निवडायची. सुशीला दिस मावळायच्या आदी ताटं वाढायची, मग आमी बी तवाच जेवाय लागलो, दोन-दोनदा चूल कोण पेटवंल.

चार दिसांनी आक्काचा राग गेला. मग रोजचं सुरू झालं, वाळलं का रं म्हादू. आजून न्हाई आक्का. दवाखान्यात पडल्याल्या माणसाची खबर घ्यावी तसं इचारायची. येक दिस मी तिला ठोकून बगायला शिकवलं. पेरानं, हलक्या हातानं, वर येकदा, मदी येकदा, खाली येकदा. मग काय, तिचा नेमच झाला, बस्तीतनं आली का पयलं दार ठोकायचं.

दसऱ्याच्या मागं-फुडं येक दिस मी दुसऱ्या कामावरनं आलो तर आक्का शेडच्या तोंडाला उभी. म्हणाली, आज आवाज बदाललाय. मी म्हणालो, खाली ठोकलं का? खालचं टोक सगळ्यात शेवटी वाळतं. म्हणाली, तिनी जागी ठोकलं, तू ठोक. मी ठोकलं. खणकन. त्या दिशी रंधा काढला, आन साल आशी सुटली, लांब, गुंडाळी व्हऊन, आक्कानं त्यातली येक उचलून पिशवीत ठिवली. कडंची जुनी पट्टी काढून चौकटीच्या मापाची नवी जोडली, वाळल्या सागवानाची. दिवाळीला अनिल आला, येका बोटानं दार लावलं, कडी घातली, आन मग वाकून फट बगाय लागला. आता त्येला बी कळाय लागलं हुतं. म्हणाला, काका, उन्हाळ्यात? मी म्हणालो, उन्हाळ्यात यी आन बग. आला. बगितलं. कडी तशीच बसत हुती. त्येनंतर न्हेतो म्हणायचं त्येनं सोडलं.

आता माजं वय झालं. लोकं लोखंडाची दारं बसवत्यात, न्हाणीला फायबरची, ती फुगत न्हाईत. बरं हाय त्येंचं. माज्याकडं चार जुनी दारं येत्यात तेवढी पुरं.

आक्का मातूर दरसाल येती. पयल्यांदा पाणी चढल्यावर यायची, आता नदी निम्म्यावर आसतानाच कळशी घिऊन टेकाड चढती, कुणी बोलवायची वाट बगत न्हाई. आन दार बी आधीच काढून आणायला लावती, घरात नुसता पत्रा ठोकून. म्हणती, भिजवूनच कशाला घ्यायचं. माज्या बापाला येवढ्या वर्सात हे सुचलं न्हाई आन मला बी न्हाई, आक्काला सुचलं. ह्या साली बी आलीया, आज चौथा दिस. ते बगा तिचं दार, मागं शेडमदी हाय, तुमच्या पाठीमागं. सुशीलानं ताटं घेतली वाटतं, तुमी बी हात धुवा, आमच्यात उजेडातच जेवत्यात.

ऐकलं का? वर येकदा, मदी येकदा, खाली येकदा. आवं, ह्या साली त्या दाराला थेंब लागला न्हाई, तरी ठोकून बगती. आन आता बगा, आतनं वरडंल. कोरडं हाय रं म्हादू.