टेबलाच्या वतीने

नवरा : आधी हसणं थांबव. टेबल राहिलं की गेलं, तेवढं सांग.

बायको : थांबा हो, पोट दुखायला लागलंय. पाणी द्या... नको, पाणी नको! पाणी म्हटलं की मला त्या साहेबांची पँट आठवते.

नवरा : कुणाची पँट? तुला अपिलाला पाठवलं होतं. आपलं हे रस्त्याकडेचं इस्त्रीचं टेबल म्हणजे पक्कं बांधकाम, असं म्हणून नगरपालिका उद्या ते उचलून नेणार, आणि तू हसतेस!

बायको : झालं सगळं तुमच्यामुळे. त्यांनी दिलेल्या टोकनवर इस्त्री कुणी फिरवली?

नवरा : चुरगळलं होतं. मला चुरगळलेलं बघवत नाही.

बायको : दुकानातल्या बिलासारखा कागद तो! उष्णता लागली की काळाठिक्कर. खोली नंबर, वेळ, सगळं गडप. खिडकीतला बाबू म्हणतो, 'हे काय आणलंत?' मी म्हटलं, 'टोकनच आहे, इस्त्री जरा कडक झाली.'

नवरा : मग?

बायको : मग काय, गर्दी दिसली तिथे घुसले. दारातल्या बाईंनी विचारलं, 'हरकत की सूचना?' म्हटलं, 'हरकत! चांगली मोठी हरकत आहे माझी.' तर त्यांनी माइकच हातात दिला.

नवरा : अपिलाला माइक?

बायको : अपील नव्हतंच ते! रस्त्याकडेच्या धंद्यांसाठी नवा नियम करतायत, त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. ज्याला वाटेल त्याने उठून बोलायचं. मला काय ठाऊक! अध्यक्षबाई म्हणाल्या, 'कुणाच्या वतीने बोलताय?' मी म्हटलं, 'टेबलाच्या.'

नवरा : अरे देवा.

बायको : सगळे हसले. पण टेबल गेलं तर खायचं काय, हे डोक्यात आलं आणि तोंड सुटलं ते सुटलंच. म्हटलं, आमचं टेबल सकाळी उभं राहतं, रात्री मिटतं. बांधकाम कधी मिटतं का हो? तुमच्या ऑफिसची भिंत मिटवून दाखवा, मी माझं टेबल आजच हलवते!

नवरा : साहेब लोकांना असं बोललीस?

बायको : टाळ्या पडल्या! मग मला चेवच चढला. त्यांचं टेबलही घडीचंच, आपल्यासारखं, खाली खिट्टी. म्हटलं, हे बघा, असं मिटतं. आणि ओढली खिट्टी.

नवरा : पाण्याच्या ग्लासांसकट?

बायको : ग्लास, फायली, अध्यक्षबाईंचा चष्मा! आणि पाण्याचा जग थेट टोकाला बसलेल्या साहेबांच्या मांडीवर.

नवरा : सुती होती का पँट? सुकताना चुण्या पडतील.

बायको : मीही तेच म्हटलं! 'काढून द्या, इस्त्री करून आणते.' लोक नुसते लोळत होते. अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, 'लिहून घ्या. रोज मिटवून उचलता येईल ती वस्तू बांधकाम समजू नये.' मंजूर झालं तर नियमात माझं वाक्य!

नवरा : आणि अपील?

बायको : ते शेजारच्याच खोलीत निघालं. दार उघडते तर समोर कोण? तेच साहेब! मांडीवर टॉवेल.

नवरा : संपलं. मेलो आपण.

बायको : मलाही तेच वाटलं. म्हणाले, 'नवा नियम अजून झालेला नाही. मला आजच्या नियमाने चालायचंय.' माझं तर धाबंच दणाणलं. मग म्हणाले, 'हा हुकूम काढण्याआधी तुमचं कुणी ऐकून घेतलं होतं? टेबल बघायला कुणी आलं होतं?' म्हटलं, चिटपाखरूही नाही. 'मग उद्याची कारवाई थांबवतो,' म्हणाले. 'न ऐकता असं उचलता येत नाही. आज संध्याकाळी मीच येतो. मिटवून दाखवा, की विषय संपला.' अहो, नाचा की! असे बघत काय उभे राहिलात?

नवरा : मिटवून?

बायको : हो. रोजच्यासारखं.

नवरा : रोजच्यासारखं म्हणजे... तू स्वयंपाकासाठी आधी घरी जातेस ना.

बायको : मग?

नवरा : पाठ धरल्यापासून मी वर नुसती चादर टाकून येतो. खिट्टी पार गंजलीय.

बायको : म्हणजे आपलं टेबल मिटत नाही? अहो, अख्ख्या सभागृहाला सांगून आले मी! आणि तुम्ही हसताय?

नवरा : भिंत मिटवून दाखवा म्हणालीस... आपलंच टेबल भिंत झालंय!

बायको : हसू नका, मलाही येतंय परत! तेल आणा. हातोडी कुठाय?

(दोघं टेबलाखाली शिरतात.)

नवरा : ओढ. अजून जोरात.

बायको : हलली! तुमचा पाय काढा, पाय!

नवरा : मिटलं.

बायको : मिटलं बाई एकदाचं.

नवरा : मधे मिटवत नव्हतो, हे साहेबांना सांगायचं का?

बायको : विचारलं तर खरं ते सांगायचं.

नवरा : बरं. म्हणजे आजच्यापुरतं एकदा मिटवायचं.

बायको : आजच्यापुरतं नाही. रोज.

नवरा : आणि माझी पाठ?

बायको : एक बाजू मी धरीन. स्वयंपाक होईल उशिरा.

नवरा : रोज?

बायको : रोज. मी बोलून आलेय.