वेगळं कार्ड

माझी बायको सरला गेली, हे मला एका सोमवारी दवाखान्याच्या फोनवरून कळलं. महिन्याभराने तिचं नाव रेशनकार्डातून कमी करायला मी भिवंडीच्या कचेरीत रांगेत उभा होतो. पुढे पडघ्याच्या सासू-सून होत्या.

"पोराच्या नावावर टेंपो हाय म्हनून माझा तांदूळ बंद? टेंपो काय शिजवून खाऊ?"

"चारचाकी असली की धान्य नाही, असा नियम आहे, आई," सून म्हणाली. "तुमचं वेगळं कार्ड काढू. सांभाळणारं कोणी नाही, एवढं लिहून द्यायचं."

"माझा पोरगा हितेश हाय ना."

"फक्त कागदावर नाही म्हणायचं."

"आन् तू?"

"मीपण नाही."

"मंग आता माझ्या बाजूला कोन उभी हाय?"

"हळू बोला, साहेब ऐकतील."

"ऐकू दे. तांदळासाठी जित्या पोराला न्हाय म्हनू? चल घरी. भाऊ, तुम्ही व्हा पुढं."

खिडकीतून साहेबांनी विचारलं, "काय काम?"

"नाव कमी करायला काय लागतं, ते विचारायला आलो होतो."

"मृत्यूचा दाखला आणा."

दाखला खिशातच होता. तो मी काढला नाही.

सरलाचं नाव कमी करायचं अजून राहिलं आहे.