पाण्याशिवाय पंक्चर

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी. आवाज कमी करायचं नाव नाही.

"वहिनी, काल जिन्याखालच्या सगळ्या सायकली कुणीतरी पंक्चर केल्या."

"कळलं. पण तो फिरता पंक्चरवाला लगेच आला ना?"

"आला. पण ट्यूब पाण्यात बुडवलीच नाही त्यानं. बुडबुडे न बघताच नेमकं भोकावर बोट ठेवलं."

"हात बसलाय हो त्याचा."

"प्रत्येक सायकलीला?"

"उगाच कुणावर आळ घेऊ नये."

"नाही घेत. तुमची सायकल कशी वाचली?"

"माझी? ती परवाच घरात नेली."

"तीन मजले चढवून?"

"खाली गंज चढतो हो."

"बरं. त्याचा फोन नंबर मला कुणी दिला, आठवतंय?"

"रांग सरकली बघा. पुढे व्हा."

"नको वहिनी, तुम्हीच व्हा पुढे. आता मला तुम्ही डोळ्यांसमोर हव्यात."