पंखा आपोआप लागला पाहिजे

राहू दे, राहू दे — ते झाकण नको लावूस, सूनबाई, उघडंच राहू दे. आत्ता इंजिन असंच चालू ठेवायचं, रेडिएटरचं तोंड उघडं ठेवायचं आणि गप बघत बसायचं — आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघते, हे बघ, निघाले की नाही? नवा रेडिएटर टाकला, कूलंट ओतलं, झाकण फिरवलं आणि निघाली स्वारी — असे घाई करणारे पुढच्या चढाला बॉनेट वर करून उभे असतात आणि मग मेकॅनिकच्या नावानं खडे फोडतात. तू बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, त्या टायरवर बस, या गॅरेजात सगळ्यात भरवशाचं तेच आहे, माझ्यासकट. — हसलीस? नाही हसलीस. बरं. — किती वेळ? ते मला नको विचारूस, इंजिनाला विचार. बुडबुडे थांबले पाहिजेत, तापमानाचा काटा मध्यावर आला पाहिजे आणि मग पंखा आपोआप लागला पाहिजे. पंखा आपोआप लागला की काम झालं, त्याच्या आधी मी ही गाडी माझ्या बापालाही देत नाही. आणि मिरचीची काळजी नको करूस, आत ऑफिसात त्या जुन्या गाडीच्या सीटवर गाढ झोपलीय, पान्ह्यांच्या आवाजातसुद्धा झोपते पोरगी — माझीच नात, दुसऱ्या कुणाची असणार?

हीटर का लावलाय विचारतेस? एवढ्या उकाड्यात आजोबाला वेड लागलंय असं वाटत असेल. अगं, हीटरच्या नळीतही हवा अडकते, ती निघायला हवी, म्हणून. वेड मला लागलेलं नाही. वेड लागलंय ते — जाऊ दे. आधी रेडिएटरचं सांगतो. तो बघ, तिथे भिंतीला टेकवून ठेवलाय तो तुझा जुना. हात लावून बघ, लाव, गार आहे. वरच्या प्लास्टिकच्या टाकीला कडेनं चीर गेलीय, दिसली? आणि आत नळ्यांमध्ये नुसता गंज. कूलंट म्हणून काही त्यात कधी पडलंच नाही, नळाचं पाणी ओतत राहिलात — म्हणजे तू नाही, तू कुठलं, तुझ्या हातात बाटली देणारा जो कोण त्यानं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सासऱ्याचं गॅरेज, नवरा मेकॅनिक, आणि घरातल्या सुनेच्या गाडीत नळाचं पाणी. गावाच्या गाड्या आम्ही चकाचक करून देतो आणि घरची गाडी म्हणजे — होईल, बघू, रविवारी बघू. तो रविवार काही आमच्या घरी उगवत नाही.

चढ लागेल ना वाटेत? तुझ्या भावाच्या गावाला जाताना? लागतोच, माहीत आहे मला, तुझ्या लग्नाचं बोलायला आलो होतो तेव्हा त्याच चढानं माझी गाडी वाफाळली होती आणि मुलीकडच्यांसमोर मी मेकॅनिक म्हणून मिरवायच्या जागी चेहरा काळा करून उतरलो होतो, तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती — आठवतं? तर त्या चढाला काट्यावर लक्ष ठेव, पण आता काही होणार नाही. चार दिवसांसाठी चाललीयस ना. हो, तू म्हणालीस सकाळी, चार दिवस भावाकडे. मी ऐकलं. काही बोललो का? नाही बोललो. पण मग स्टेपनीत हवा बघावी म्हणून डिकी उघडली. उघडली म्हणजे काय, उघडावी लागते. — सूनबाई, चार दिवसांसाठी भावाकडे जाणारं माणूस शिलाई मशीन नेत नाही. मिरचीचे थंडीतले स्वेटर नेत नाही. तिचं शाळेचं दप्तर, ती तिची डोकं तुटलेली बाहुली, सगळं त्या डिकीत मावलंय, आणि मी तिथे हवा भरायची नळी हातात धरून उभा, कुठे भरायची तेच कळेना. पुन्हा बंद केली डिकी. म्हटलं, असेल हवा स्टेपनीत. नंतर बघितली, आहे.

थांब, उठू नकोस, काही बोलत नाही मी. बस. बस गं. तुला अडवायला नाही बोलत. — म्हणजे अडवायलाच बसवलं होतं, आता लपवून काय करू. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू गाडी इथे लावून मिरचीला खाऊ आणायला गेलीस ना, तेव्हा त्याचा फोन आला होता, माझ्या चिरंजीवांचा. ती रात्रीपासून जाते जाते म्हणतेय बाबा, गाडी तुमच्याकडे आणणार, द्यायची नाही. खोलून ठेवा, पार्ट नाही म्हणा, काहीही सांगा, मी त्या बंद पडलेल्या ट्रकचं काम उरकून संध्याकाळी येतो, मग बघतो तिच्याकडे. मी म्हटलं, बरं. हो म्हणालो मी. तू खाऊ घेऊन परत आलीस तेव्हा मी गाडी मुद्दाम सावकाश खोलत होतो. कारण मला वाटलं — खोटं कशाला बोलू — मला वाटलं संध्याकाळपर्यंत राग उतरेल, भांडण कुठल्या घरात नाही, पोरगी आहे मध्ये, ही जाईल कुठे. आणि दुसरं म्हणजे तू गेल्यावर त्या घरात मी काय करू? तुझी सासू गेल्यापासून त्या घरात माणसाचा आवाज म्हणजे तुमचा दोघींचा. तो तर आवाज करतो तो वेगळाच. तेव्हा माझा स्वार्थ होता, सरळ स्वार्थ.

मग मी पंखा बघायला डॅशबोर्डखाली हात घातला.

ते बटण. — तुला माहीत होतं ते, हो ना, तूच दाबायचीस. पण मला माहीत नव्हतं गं. मला तो आपला एवढंच सांगायचा, बाबा, तिला गाडी चालवायचीच अक्कल नाही, काट्याकडे बघत नाही, इंजिन जाळून ठेवणार एक दिवस. आणि माझी समजूत अशी की असेल बुवा, शिवणकामाचं डोकं आहे तिचं, कापड बघेल की काटा. तर खाली वाकून बघतो तो दोन जास्तीच्या वायरी ओढून आणलेल्या, वर चिकटपट्टी, आणि घरातल्या दिव्याला असतं तसलं बटण. पंख्याचा सेन्सर गेलेला. लहानसा सेन्सर, नुकतं काम शिकायला आलेलं पोरही बदलेल, हात धुवायच्या आत काम. तो नाही बदलला त्यानं. वर थर्मोस्टॅटही काढून फेकून दिला. दुखणं मांडीला आणि मलम शेंडीला — नाही, मलम तरी कुठे लावलं! बायकोला सांगितलं, गाडी तापायला लागली की हे बटण दाबायचं. विसरलीस तर तू जबाबदार.

तुला काय वाटलं, सगळ्या गाड्यांना असंच असतं? — असंच वाटलं? — अगं बाई. नसतं गं. जगातल्या कुठल्याही गाडीला नसतं. पंखा आपला आपण लागतो. बाईनं गाडी चालवायची, रस्ता बघायचा, मागे पोर आहे तिच्याशी बोलायचं, गाणं म्हणायचं असेल तर म्हणायचं. पंख्याचं काम पंख्याचं. आणि तू इतकी वर्षं — रस्त्यावर एक डोळा, काट्यावर एक डोळा. आणि गाडी तापली की घरी येऊन ऐकायचं. मी ऐकलंय ते भिंतीपलीकडून. काट्याकडे का नाही बघितलंस, कुठे लक्ष असतं तुझं, कुणाचा विचार करतेस — आणि मग जे काय व्हायचं ते, तेही ऐकलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी नुसत्या म्हणीत ऐकला होता. — आणि ती मिरची. मागच्या सीटवरून ओरडायची ना, आई बटण, आई बटण! मी तिला एकदा नाक्यावरून आणत होतो माझ्या गाडीतून, तर मलाही ओरडली, आजोबा बटण दाबा, बाबा रागावतील. मला वाटलं खेळ आहे पोरीचा. मी तिच्या नाकावर बोट ठेवून म्हटलं, हे घे, दाबलं बटण. ती हसली नाही. मला तेव्हा नवल वाटलं होतं, एवढी खिदळणारी पोर, आज हसली कशी नाही.

तर ते तोडून टाकलं मी. वायरी मुळापासून ओढून काढल्या, बटण त्या तेलाच्या डब्यात पडलंय. सेन्सर नवा, थर्मोस्टॅट नवा, वरचे खालचे दोन्ही रबरी होज पाइप नवे, क्लिपा मी स्वतः आवळल्यात, दोनदा बघितल्यात. दुकानदार म्हणाला, काका, आज एकदम एवढी खरेदी, गिऱ्हाईक मोठं दिसतंय. म्हटलं, मोठंच आहे.

पोटचा गोळा आहे तो माझा, काय करू सांग? हाताला धरून मी त्याला काम शिकवलं. नट फिरवायला लागला तर पेढ्यासारखं गोड वाटायचं मला. आणि त्याच हातांनी त्यानं ते बटण बसवलं, नीट, चौकोन कापून, कडा घासून. काम सफाईदार आहे गं, तेच तर. आळस असता तर मी समजू शकलो असतो, आळशी मेकॅनिक मी पुष्कळ बघितलेत, मीही त्यातलाच. पण सेन्सर बदलण्यापेक्षा ते बटण बसवायला जास्त मेहनत लागते. तेवढी मेहनत त्यानं घेतली. कशाला घेतली असेल? मी तासभर त्या गाडीखाली आडवा पडून हाच विचार करत होतो, तुला वाटलं असेल म्हातारा काम करतोय.

श्शू — ऐक. — लागला! ऐकलास? लागला पंखा, कुणी काही दाबलं नाही, तू इकडे, मी इकडे. आता थोडं थांब, आपोआप बंदही होईल… हां. झाला. काटा बघ, मध्यावर, हलत नाही. बुडबुडे नाहीत. फडकं दे ते, झाकण मी लावतो, तू हात नको घालूस, गरम आहे. झालं. — झालं काम.

फोन. त्याचाच आहे. नको, घाबरू नकोस, बस, घेऊ दे मला, नाही घेतला तर लगेच निघून येईल. — हॅलो. हां, बोल. कुठली होतेय रे, दुकानवाल्यानं भलत्याच मापाचा रेडिएटर पाठवला, परत पाठवलाय, आता दुसरा कधी येतो देव जाणे. — हो, आहे ना, बसलीय समोर. रडून रडून गप्प झालीय. पोरगी झोपलीय. — आवाज कसला? दुसरी गाडी आहे, टॅक्सी, तिची ट्यूनिंग करतोय. — हो. हो रे बाबा, नाही देत, खोललेलीच आहे सगळी, चाकं लावून ढकलायची का तिनं? तू तुझं काम नीट कर, ट्रकवाला चांगला माणूस आहे, अर्धवट टाकून येऊ नकोस. सावकाश ये. जेवून ये. हां. ठेवतो.

बघतेस काय अशी? आता मीही शिकतो खोटं बोलायला, उतारवयात काहीतरी नवीन. चल, ऊठ. किल्ली गाडीलाच आहे. पुढच्या पंपावर पेट्रोल भर, इथल्या नाक्यावरच्या पंपावर भरू नकोस, तिथे त्याची उठबस आहे. — काय? — मी? मी कुठे येऊ? वेडी की काय! सासरा कधी सुनेबरोबर माहेरी राहायला गेलाय का? लोक — लोकांचं जाऊ दे, लोकांना मी विचारत नाही. पण मी आलो तर इथे कोण बसणार? त्याला कुणीतरी सांगायला हवं, होतंय, होतंय, दुसरा रेडिएटर येतोय, हे बघ आलाच. शटर बंद दिसलं तर तो घरीसुद्धा जाणार नाही, थेट तुमच्या मागे येईल. मी असलो की निदान आधी माझ्याशी भांडेल. माझ्याशी भांडायला त्याला वेळ लागतो, मी बहिरा असल्यासारखं करतो. — नाही, नाही करणार तो मला काही. करेलही. मला काय होतंय!

पोचलीस की फोन कर. नाही — नको करूस. माझा फोन तो बघतो. तुझ्या भावालाही नको सांगूस करायला. मी समजेन. गाडी मी केलीय, ती पोचणारच, मला फोन कशाला हवा? मिरचीनं विचारलं तर सांग आजोबांना काम आहे, खूप गाड्या आल्यात. ती विश्वास ठेवेल, तिला माझं गॅरेज फार मोठं वाटतं. मग ती विचारायची थांबेल. पोरं थांबतात.

नाही, पाया नको पडूस, हात तेलानं भरलेत माझे, तुला आशीर्वाद देऊ की काळं करू! ऊठ. ऊठ म्हणतो ना. मला तुम्ही दोघी जायला नको आहात, कान उघडून ऐक, अजिबात नको आहात, म्हणून म्हणतो लवकर जा. आणखी थोडा वेळ थांबलीस तर मी काहीतरी बिघाड काढीन, मला शंभर येतात काढता.

जा, आत जा, तिला अलगद उचल, मान सांभाळ. उठवू नकोस. तशीच झोपलेली मागच्या सीटवर ठेव. उठली तर ती आजोबा म्हणेल, आणि मग माझ्याच्यानं ते गेट उघडवणार नाही. — थांब, मीच — नको. तूच घे. मी गेट उघडतो.